एक वीत कापलेली खाट

मित्रांनो, सध्या माझ्यात जुनी वर्तमानपत्रं, एक मोडका पंखा आणि थंडीची पांघरुणं भरून ठेवली आहेत. म्हणून मला अडगळ समजू नका. मी बाळाची खाट आहे. अस्सल सागवानी, चारही बाजूंनी कठडा असलेली. माझा पायथा बाकीच्या अंगाशी जुळत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. येणारा-जाणारा आधी तिकडेच बघतो. म्हणून त्या पायथ्याचीच हकिकत सांगते.

मला घडवलं एका सुतारआजोबांनी. पन्नास वर्षं त्यांनी लोकांची दारं-खिडक्या केल्या. आजी गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आजोबा, आतल्या खोलीत मुलगा आणि सून. सुनेला दिवस गेले आणि घरात एकच विषय सुरू झाला: बाळाला झोपवायचं कुठे? आतल्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि भिंतीलगत माणूस अंग चोरून जाईल एवढी पट्टी. संपली खोली.

मुलगा म्हणाला, आमच्या मध्येच झोपेल की. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ते साफ झटकून टाकलं. "दोन दमलेली माणसं, उशा, पांघरुणं, आणि मध्ये एवढंसं बाळ? मुळीच नाही. त्याला त्याची वेगळी, सपाट जागा हवी. पण आईच्या खोलीतच, तिचा हात पोचेल अशी." बाहेरच्या खोलीचा प्रश्नच नव्हता. तिथे आजोबांचा खोकला मुक्कामाला होता.

मग आजोबा म्हणाले, "जागा नसते, काढावी लागते. मी करतो खाट. अगदी त्या पट्टीत बसेल अशी."

बाहेरच्या खोलीतलं आजीचं सागवानी कपाट त्यांनी इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. ते त्यांनी माझ्यासाठी मोडलं. तेव्हा मी किती फुशारले म्हणून सांगू! दीड महिना ते माझ्यावर खपले. एकही खिळा नाही. सगळी खाच आणि खुंटी, वर सरसाचा, म्हणजे सुतारी डिंकाचा, हात. बाळाच्या गालाला लाकडाची कूस लागू नये म्हणून कठड्याची एकेक पट्टी आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघत. खिळ्याच्या कामाला ते काम म्हणतच नसत.

पण चूक आधीच होऊन बसली होती. दमट हवेने आतल्या खोलीचं दार फुगलं होतं, जमिनीला घासायचं. एका दुपारी आजोबांनी ते बिजागऱ्यांतून उतरवलं आणि बाहेर नेऊन खालून रंधा मारून तासलं. दार भिंतीला टेकलेलं होतं, तेवढ्यात त्यांनी टेप काढून माझं माप घेतलं. ते दार आत उघडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण दार जागेवर नव्हतं, म्हणून ते त्यांच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी दार पुन्हा बसवलं. माप मात्र कागदावर तसंच राहिलं.

सून बाळाला घेऊन घरी यायची होती, त्या दिवशी आजोबांनी माझे भाग आत नेले. कुणी आधी बघू नये म्हणून दार लावून घेतलं. खुंट्या ठोकल्या, सरस भरला, तो सुकेपर्यंत पलंगावर बसून राहिले. मी पट्टीत अशी चपखल बसले की ते स्वतःशीच हसले. बाहेर रिक्षा थांबली. आजोबांनी दार उघडायला कडी काढली.

दार चार बोटं उघडलं आणि माझ्यावर आपटलं.

त्यांनी पुन्हा ओढलं. मला उचलून बघितलं, पण मी जडशीळ. एकट्याच्या हाताने हलेना. बाहेरून कुणाला आत येता येईना. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते मीच. त्या फटीतून सून दिसत होती. टाके ओले, अंगात ताकद नाही, छातीशी तीन दिवसांची मुलगी. तिला फक्त आडवं व्हायचं होतं.

"बाबा, काय करून ठेवलंत हे?" मुलगा म्हणाला. शेजारची माणसं बाळ बघायला आली होती, तीही ऐकत होती. "साधं दार दिसलं नाही तुम्हाला? पुरे झालं आता. वय झालं तुमचं, नसत्या कामात हात घालू नका."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मुलगा वाईट नव्हता हो. तीन दिवस झोपला नव्हता.

सून म्हणाली, "असू दे. बाबा, सावकाश करा. मी बसते इथे खुर्चीवर."

 आजोबांनी हत्यारांच्या पिशवीतून करवत काढली आणि मला पायथ्याकडून वीतभर कापलं. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण ज्या हातांनी मला घडवलं, त्याच हातांना मला कापावं लागलं, ते जास्त दुखलं. दार उघडलं, सून आत येऊन पडली. मग आजोबांनी माझा पायथा पुन्हा जोडला. खिळे ठोकून.

मुलगी माझ्यात गाढ झोपायची. आईचा हात कठड्यावरून सहज पोचायचा. मला तीन वर्षं पुरायचं होतं, मी जेमतेम वर्षभर पुरले. तिचे पाय पायथ्याला लागले, आणि माझी रवानगी बाहेरच्या खोलीत झाली, आजोबांच्या उशाशी. तोवर त्यांची हत्यारं केव्हाच गेली होती. मला कापलं त्याच आठवड्यात रंधा, पटाश्या, करवत, सगळं त्यांनी कोपऱ्यावरच्या सुताराला देऊन टाकलं. घरात कुणी विचारलं नाही. बाळाच्या गडबडीत लक्षातच आलं नाही कुणाच्या.

मुलाच्या लक्षात आलं, पण उशिरा. मुलगी चालायला लागली तेव्हा एकदा तो आतल्या खोलीतल्या कपाटाचा खण घेऊन बाहेर आला. खण फारसा बिघडलेला नव्हता. मी बघितलं, त्याने निमित्तच काढलं होतं. आजोबांसमोर उकिडवा बसून म्हणाला, "बाबा, हा जरा अडकतोय. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

आजोबांनी खणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुठे घासतो ते त्यांना लगेच कळलं, माझी खात्री आहे. मग त्यांनी तो खण मुलाकडे परत सरकवला.

"एखाद्या सुताराला बोलव," ते म्हणाले.

मुलगा खण उचलून आत गेला.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल, माझ्यात रद्दी भरली तरी चालेल. एवढंच मागते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या हातांकडून काही चुकलं, तर चूक सुधारा, माणसाला मोडीत काढू नका. आणि रागात काही बोलून गेलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे काहीतरी काम घेऊन जा. दुसऱ्याच दिवशी जा. उशीर झाला की ते हात पुढे येत नाहीत.