फुकटात मिळालेला विजय

घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला,

"बरोबर आहे तुझं. दाढीवालाच मोठा."

कंपाउंडरच्या हातातला कप ओठांपर्यंत पोचलाच नाही. गेली सव्वीस वर्षं दर रविवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, दोघं या दुकानात बसून रॉकच्या गिटारवाल्यांवरून भांडत आले होते. कंपाउंडरचा देव म्हणजे दाढीवाला. जाड तारांवर घण घातल्यासारखा वाजवणारा. घड्याळजीचा टोपीवाला, तो बारीक तारेवरचा एकच सूर असा काही ओढायचा की ऐकणाऱ्याने श्वास घ्यायचं विसरावं. या वादापायी दोघांनी एकमेकांची खानदानं काढली होती, एकदा तर चार महिने अबोला धरला होता. आणि आज हा माणूस चहा थंड व्हायच्या आत शरण?

"काय हवंय तुला?" कंपाउंडरने विचारलं.

"काही नाही रे. पटलं."

पटलं! इथेच संशय पक्का झाला. हा गृहस्थ स्वतःच्या लग्नातसुद्धा भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे म्हणून हुज्जत घालत बसला होता.

आठवडाभर कंपाउंडरने तपास केला. मरणाच्या दारात माणसं मवाळ होतात हे त्याने औषधांच्या काउंटरवरून पाहिलं होतं, म्हणून आधी मित्राच्या नावच्या चिठ्ठ्या चाळल्या. पित्ताची गोळी, बस्स. मग वहिनींना गाठलं.

"काय सांगू भावोजी, हाक मारली तरी ओ देत नाहीत हल्ली."

"ते तर लग्नापासूनच ना?"

"तेही खरंच," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्याने मुद्दाम टोपीवाल्याची तबकडी लावली आणि घड्याळजीवर नजर रोखून बसला. तो सूर आला. एरवी इथे घड्याळजीचे डोळे आपोआप मिटायचे. आज तो उघड्या डोळ्यांनी कंपाउंडरच्याच तोंडाकडे बघत होता, परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघावं तसा.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. घड्याळजीने दुरुस्त केलेलं घड्याळ सवयीने कानाकडे नेलं, मध्येच थांबला, आणि खाली घेऊन सेकंदकाट्याकडे बघत राहिला.

"चालतंय," त्याने सांगितलं.

कंपाउंडरने मान वळवली. मित्राच्या कानांतून बारीक आवाज गेले होते तर. घण तेवढे पोचत असणार.

गिऱ्हाईक गेल्यावर त्याने सुई मागे नेली.

"फुकटचा विजय नको मला," तो घड्याळजीकडे तोंड करून, जरा मोठ्यानेच म्हणाला. "तुझ्या टोपीवाल्यात काय आहे ते एकदा नीट ऐकतो. हां, चढला वर. सरळ चाललाय... चाललाय... आणि विरला. एवढंच? यासाठी सव्वीस वर्षं डोकं खाल्लंस माझं?"

घड्याळजीचे कान लाल झाले.

"विरला? डोंबल तुझं! विरताना दोनदा थरथरतो तो. दुसऱ्यांदा अगदी पुसट. कान आहेत की भोकं?"

कंपाउंडरने पुन्हा सुई मागे नेली आणि स्पीकरला कान लावला. सूर चढला, लांबला, थरथरला. मग, इतकी वर्षं त्याला कधीच ऐकू न आलेली, दुसरी थरथरही आली.

तो सरळ होऊन बसला.

"एकदाच थरथरतो," तो म्हणाला.

घड्याळजीने खुर्ची पुढे ओढली.