दहा किलो सोड्याचं मोल

कापड रंगवायच्या कारखान्याच्या लॅबमधला फोन वाजला तेव्हा मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत फेसात होते. साहेब कुठूनतरी धावत आले. पलीकडे मालकीणबाई असाव्यात, कारण साहेबांनी आधी कोटाचं वरचं बटण लावलं आणि मग रिसीव्हर उचलला.

“नाही बाई, बोला. इथं कोणी नाही. मोलकरीण आहे फक्त.”

पुढचं बोलणं मावशींनी काचेच्या नळ्या धूत धूत ऐकलं. नर्सच्या गणवेशाच्या निळ्या कापडाचे दोन घाणे वाया गेले होते. शुक्रवारी तिसरा. “होय बाई,” साहेब म्हणाले, “त्याचाही रंग उतरला तर रंगाऱ्यांना घडीखात्यात बसवू. वय झालंय, हात चालत नाही आता. हौदावर दुसरा माणूस बघतो.”

रंगारी म्हणजे मावशींचे यजमान. हे साहेबांना ठाऊक होतं. पण खोलीत कोणी नाही म्हटल्यावर त्यांना ते आठवायचं कारण नव्हतं. तसे साहेब वाईट नव्हते. कॉलेजातून नुकतेच आलेले, हुशार, तोंडावर नेहमी ‘मावशी, मावशी’ करणारे. ‘मोलकरीण’ या शब्दाचंही मावशींना काही वाटलं नाही. अकरा वर्षं भांडी घासली, ती मोल घेऊनच घासली. ‘कोणी नाही’ हे मात्र बोचलं, आणि घडीखातं तर त्याहून जास्त.

घडीखात्यात वाईट काम नसतं. कापडाच्या घड्या घालायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. पण रंगारी तीस वर्षं हौदाशी उभे होते. हाताची नखं निळी, कानाची पाळीसुद्धा निळी. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांच्या कृतींची एक जाड वही होती, कापडात बांधलेली. तिला दुसऱ्याचं बोट लागलेलं त्यांना खपत नसे. घरी जेवतानाही ती मांडीशी असायची. लेक म्हणायची, “बाबा, तिलाही ताट वाढू का?”

गेले आठ दिवस मात्र ते वही उघडून नुसते बघत बसायचे. रंग तोच, मीठ तेच, पाणी तेवढंच, सोडा दहा किलो. तरी धुवायला घेतलं की कापडातून निळं पाणी वाहत राहायचं. पाच वेळा खळबळलं तरी वाहायचंच. सोड्याशिवाय रंग धाग्याला धरत नाही, म्हणून त्यांनी सोडा दोनदा तोलून घातला होता. “माझा हातच गेला गं,” ते एकदा म्हणाले. एवढा ताठ माणूस असं बोलल्यावर मावशींना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता इथं लेकीचं सांगायला हवं, कारण या सगळ्याचं मूळ तिच्या नापास होण्यात आहे. लेक अकरावीला होती आणि रसायनशास्त्राच्या चाचणीत तिला वीसपैकी सहा मिळाले होते. मावशींनी फर्मान काढलं, रोज संध्याकाळी मी शिवायला बसेन, तू मला धडा शिकवायचा. मला समजला तर तुला समजला.

“धड्याचं नाव काय?”

“मोल.”

“मोल? आमच्या मोलकरणीतला मोल?”

लेक हसून हसून आडवी झाली. “तो नव्हे गं आई! हा मोजायचा मोल. डझन म्हणजे बारा ना? तसा मोल म्हणजे सहाच्या पुढे तेवीस शून्यं. तेवढे कण.”

“एवढे कण मोजत बसतं कोण?”

“कोणीच नाही. वजन करायचं, त्यावरून समजतं.”

मावशींच्या मांडीवर बटणांचा डबा होता. त्यांनी कोटाची बारा मोठी बटणं एका हातात घेतली आणि सदऱ्याची बारा बारकी दुसऱ्या हातात. दोन्ही हात वर-खाली केले. “डझन तोच, वजन वेगळं. असंच ना? मोठ्या बटणांचा डझन जड. सदऱ्याला बारा बटणं लागतात आणि मी वजनावर कोटाची आणली, तर मापात बरोबर आणि मोजणीत कमी.”

लेक आ वासून बघत राहिली. “आई, आमच्या बाईंनी याला तीन तास घेतले.”

“तुमच्या बाईंना बटणं शिवायला लागत नसतील.”

मग लेकीने तक्ता दाखवला, कशाचा एक मोल किती ग्रॅमचा. मावशी चष्मा सरकवत म्हणाल्या, “अगं, हे आकडे आमच्या बाटल्यांवर असतात! मी त्याला किंमत समजत होते. अकरा वर्षं!” त्यातल्या त्यात दोन बाटल्या त्यांना चांगल्या आठवत होत्या. दोन्हींवर सोडाच लिहिलेलं. पण एकीवर एकशे सहा, दुसरीवर दोनशे शहाऐंशी. त्या दुसरीला मावशी जास्त जपून पुसायच्या, उंची माल म्हणून. लेकीने सांगितलं की उंची-बिंची काही नाही. खडे होताना सोड्याच्या एकेका कणाला पाण्याचे दहा कण चिकटतात, म्हणून तो जड. पाण्याचे एकशे ऐंशी, सोड्याचे एकशे सहा. घाला बेरीज.

तर त्या फोननंतर मावशी नळ्या पालथ्या घालत होत्या आणि डोक्यात सोडा घोळत होता. एकाएकी त्यांना गेल्या महिन्यातली एक गोष्ट आठवली. यजमान घरी आले होते ते खुशीत. “या वेळी सोडा काय आलाय म्हणून सांगू! नेहमीची पूड नाही. तुरटीसारखे खडे, आरपार दिसतात. पुडीत भेसळ करता येते, खड्यात करून दाखवा म्हणावं. कोठीवाल्याला सांगितलं, पूड परत पाठव, मला हाच दे.”

मावशींच्या हातातली नळी निसटली. फुटली नाही, हे नशीब.

त्या कोठीत गेल्या आणि मूठभर खडे पदरात घेऊन आल्या. काटा त्या रोज पुसायच्या, पण त्याच्यावर काही ठेवायची ही पहिलीच वेळ. बरोबर दहा ग्रॅम खडे त्यांनी बशीत तोलले आणि बशी काचा वाळवायच्या भट्टीत ठेवली. थोड्या वेळाने डोकावल्या तर खडे नाहीसे, बशीत नुसतं पाणी. कुणी वरून थेंब टाकला नव्हता. खडे आपल्याच पाण्यात विरघळले होते. दुपारच्या सुट्टीपर्यंत पाणी आटलं आणि तळाला पांढरी पूड उरली. तीन ग्रॅम आणि वर सात दशांश. मावशींनी पुन्हा दहा ग्रॅम तोलले, पुन्हा वाळवले. पुन्हा तेवढंच. मग लेबलामागच्या कोऱ्या कागदावर एकशे सहाला दोनशे शहाऐंशीने भागलं आणि दहाने गुणलं. तीन पूर्णांक सात.

काट्याने सांगितलं तेच कागद सांगत होता. मावशींना असा आनंद झाला की त्या एकट्याच हसल्या. मग घाबरल्या. घाबरून हात पुसले आणि साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, सोडा तपासला होता का?”

“मी स्वतः तपासलाय, मावशी. कागद निळा होतो, सोडाच आहे. तुम्ही त्या बाटल्या...”

“सोडाच आहे. पण किती आहे?” मावशींनी चिठ्ठी पुढे केली. “वहीतला दहा किलो सोडा कोरड्या पुडीचा. म्हणजे चौऱ्याण्णव मोल. आता दहा किलो खड्यांत भरतात पस्तीस. रंगाला चौऱ्याण्णव हवेत. आपण पस्तिसावर भागवतोय आणि वर रंगाऱ्याचा हात गेला म्हणतोय.”

शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं. निघून गेलं. साहेबांचे कान लाल झाले, फोनवरचं सगळं त्यांना आठवलं असणार. ते कॅल्क्युलेटर बडवू लागले. एकदा, दोनदा. मग बशीतली पूड बघितली.

“खडे किती घालावे लागतील?” त्यांनी विचारलं. आपण कुणाला विचारतोय हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं नाही.

“सत्तावीस किलो. आणि हौदात सतरा लिटर पाणी कमी घ्यायचं. तेवढं खड्यांतूनच येणार.”

साहेबांनी हातातला कॅल्क्युलेटर खाली ठेवला. सतरा लिटर त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“पण मावशी,” ते हळूच म्हणाले, “रंगारी ऐकतील का? वही त्यांची. आणि खडेही त्यांनीच पसंत केलेले.”

तीच तर खरी मेख होती. शुक्रवारी सकाळी दोघं रंगखात्यात गेले तेव्हा हौद तापत होता, कामगार उभे होते आणि रंगारी दहा किलो खडे तोलून तयार होते. साहेब वहीकडे बघत दोन पावलं मागेच थांबले. शेवटी मावशीच पुढे झाल्या.

“अहो, तुमचा हात चुकलेला नाही. दहा किलो म्हणजे तुम्ही दहा किलोच घातलेत. पण त्यात सहा किलोच्या वर पाणी होतं.”

“पाणी?” रंगाऱ्यांनी खडा उचलून नाकासमोर धरला. “या खड्यात? कोरडा ठणठणीत आहे!”

“कोरडाच दिसतो. भट्टीत ठेवला तर आपल्याच पाण्यात बुडतो. मी बघितलं. तुम्ही ज्याला अस्सल माल म्हणालात ना, त्यात सोडा कमी आहे. हे खडे सत्तावीस किलो लागतील, आणि हौदात पाणी सतरा लिटर कमी.”

कामगारांपैकी कुणीतरी खुसखुसलं. रंगाऱ्यांनी वळून बघितलं तसं ते थांबलं. चारचौघांत बायकोने चूक काढली होती, तीही त्यांनी ज्याची सगळ्या कारखान्यात फुशारकी मारली त्याच खड्यांत. त्यांच्या कपाळावरची शीर उडाली. आता हा माणूस वही मिटून निघून जाणार, आपण घर आणि हौद दोन्हीकडून गेलो, असं मावशींना वाटलं.

“सत्तावीस किलो घालायचं म्हणतेस? कापड खराब झालं तर?”

“मोलात मोजलं तर तुमचं नेहमीचंच आहे. एक कणही जास्त नाही.”

“स्वतः तोललंस?”

“दोनदा.”

रंगाऱ्यांनी हातातला खडा खाली ठेवला. घरात तांदूळ निवडतानासुद्धा खडा सुटू न देणारी ही बाई. ती दोनदा म्हणाली म्हणजे दोनदाच.

“काय बघताय?” ते कामगारांवर खेकसले. “सतरा किलो आणखी आणा! आणि सतरा लिटर पाणी काढा आधी!”

मग तासभर काम चाललं. कापड हौदात फिरलं, बाहेर आलं, धुवायच्या टाकीत गेलं. पहिलं पाणी निळं आलं. ते येतंच, वरचा रंग सुटतो. मावशींनी पदराचं टोक दातात धरलं. दुसरं पाणी फिकं आलं. तिसऱ्यात टाकीचा तळ दिसला. रंगाऱ्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, ओल्या निळ्या कापडावर दाबून धरला, मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि रुमाल उलटला. डाग सोडा, छटासुद्धा नव्हती. त्यांनी तो रुमाल सगळ्यांना दाखवला, मग पुन्हा एकदा दाखवला, आणि नंतर उगाचच त्याने डोळे पुसले. म्हणे वाफ गेली.

“कोणी काढला हिशोब माहिती आहे का?” ते साहेबांनाच विचारू लागले, जणू साहेब तिथं नव्हतेच. “आमच्या हिने! काटा धरून! सतरा लिटर पाण्यासकट!” पुढे हे वाक्य त्यांनी कोठीवाल्याला, पहारेकऱ्याला आणि घडीखात्यात मुद्दाम जाऊन तिथल्या सगळ्यांना ऐकवलं.

पण त्याआधी त्यांनी वहीचं कापड सोडलं. निळं पान उघडलं आणि मावशींपुढे धरलं. “हात पुसून घे,” ते म्हणाले, आणि लगेच, “नाही पुसलेस तरी चालेल. लिही इथं. पूड असेल तर किती, खडे असतील तर किती. आणि वर मोल लिही, म्हणजे पुन्हा माल बदलला तरी फसायला नको.”

तीस वर्षांत त्या वहीत दुसऱ्या कुणाचं अक्षर पडलं नव्हतं. मावशींनी जपून लिहिलं. चौऱ्याण्णव मोल. पूड दहा किलो. खडे सत्तावीस किलो, पाणी सतरा लिटर कमी. वहीला शेवटी एक रकाना होता, ‘कोणी ठरवलं’. वरपासून खालपर्यंत त्यात रंगाऱ्यांचीच सही होती. पेन तिथं येऊन थांबलं.

“नाव लिहा, मावशी,” साहेब म्हणाले. “पूर्ण नाव लिहा. मी मालकीणबाईंना ते पान दाखवणार आहे.”

मावशींनी क्षणभर विचार केला. मग ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘मोलकरीण’.

साहेबांचा चेहरा पडला. “मावशी, असं नका ना लिहू. मी त्या दिवशी फोनवर... माझं चुकलं.”

“चुकलं कसं?” मावशींनी पेनाला टोपण लावलं. “मोल कोणी केले? मी ना? मग बरोबर आहे की. फक्त पुढच्या वेळी फोनवर ‘कोणी नाही’ म्हणू नका. म्हणा, मोलकरीण आहे, काय विचारायचं ते विचारा.”