घाणेरीचे सोळा अर्ज

हैदराबादेत तारनाक्याच्या मागच्या गल्लीत, हणमंतरावांच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट होता आणि त्यात पुरुषभर उंच घाणेरी माजली होती. रेल्वेच्या कचेरीत तीस वर्षं मसुदे लिहिलेला माणूस हे उघड्या डोळ्यांनी कसं पाहील? पेन्शनीत निघाल्यापासून दर सहा महिन्यांनी ते वस्ती-सफाई दफ्तरात अर्ज टाकत : 'सदर उपद्रवी झुडूप समूळ नष्ट करावे.' आठ वर्षांत सोळा अर्ज झाले. दफ्तराने प्रत्येकाची पोच दिली. घाणेरी वाढत राहिली.

मग देशाची दारं परदेशी व्यापाराला उघडली आणि गल्लीत थेट जर्मनी आली. तिकडच्या लोकांना म्हणे रासायनिक रंग नकोसे झाले होते. हणमंतरावांच्या पत्नी तारामतीबाईंनी घाणेरीचा पाला उकळला, तुरटी घातली, डिंकाने अर्क दाट केला आणि लाकडी ठशाने कापडावर उमटवला. मऊ, पिवळा रंग आला. सिकंदराबादच्या एका निर्यातवाल्याने दीडशे टेबलक्लॉथ आणि हातकागदाची हजार कार्डं सांगितली. स्वयंपाक सोडून दुसरं काही कुणी बाईंना सांगण्याची ही पहिलीच वेळ. वय सत्तावन्न.

चाळीस टेबलक्लॉथ छापून झाले आणि दफ्तराची माणसं कोयते घेऊन दारात हजर.

"साब, आपकीच दरखास्त है," मुकादमाने फाईल पुढे केली. "सोला हैं. बड़े साब बोले, बुजुर्ग का काम कर डालो."

"लिहा आता सतरावा," तारामतीबाई आतून म्हणाल्या. "झुडूप उपद्रवी नाही, माझ्या बायकोचं आहे म्हणावं."

"दरखास्त वापस लेने को कित्ते दिन?" हणमंतरावांनी चाचरत विचारलं.

"छे महिने."

"और काटने को?"

"वो अब्बीच."

हणमंतरावांनी चष्मा पुसला आणि फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. कोयतेवाले बिड्या ओढत बसले. शेवटच्या पानावर एक रकाना कोरा होता : तोडलेला माल टाकण्याची जागा.

"ये खाली कैकू?"

"जगाच नै मिलती साब. अंबरपेठ के आगे तक ढोना पड़ता."

हणमंतरावांनी खिशातून पेन काढलं आणि त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात स्वतःचा पत्ता लिहिला.

दुपारपर्यंत अंगण, ओसरी, पुढची खोली हिरवीगार झाली. "अरे, फांद्या बाहेर! नुसता पाला ओरबाडा," तारामतीबाई फिरत होत्या. "उन्हात नको, सावलीत पसरा."

"अम्मा, ये सरकारी काम है की घर का?"

"रकाना बघा."

तारामतीबाईंनी ढिगांवरून नजर फिरवली, मनाशी काही जुळवलं. "वाळवून ठेवला तर सगळ्या ऑर्डरीला पुरेल," त्या म्हणाल्या.

हणमंतरावांना बसायला खुर्ची उरली नव्हती. ते उभ्यानेच पाला ओरबाडू लागले.