सोडलेली बट

दादाला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही, त्याची बायकोसुद्धा नाही. वहिनीला राग आला तर येऊ दे. वडिलांच्या मागे आम्ही भावंडं एकाच दुकानात, शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांपाशी उभं राहून लोकांची डोकी भादरत म्हातारी झालो. त्याचे केस मी कापते, माझे तो. तिसऱ्या माणसाची कात्री आमच्या डोक्याला कधी लागली नाही.

त्यातही आमचा एक खेळ आहे, लहानपणापासूनचा. केस कापताना एक बारीकशी बट मुद्दाम सोडायची. दुसऱ्यानं आरशात न बघता, नुसत्या बोटांनी ती शोधून काढायची. सापडली, तर सोडणाऱ्यानं पुढच्या कटिंगपर्यंत दुकानातला चहा करायचा. नाही सापडली, तर शोधणाऱ्यानं. वय झालं म्हणून पोरकटपणा सोडावा असं आम्हाला कधी वाटलं नाही. दादा त्यात उस्ताद. मी कुठेही लपवली तरी त्याची बोटं थेट तिथंच जायची. मग काय, चहा कायम माझ्या गळ्यात. वर हा शहाणा घोट घेऊन म्हणणार, "साखर कमी आहे."

एकदा दुकान उघडताना अर्धवट वर गेलेल्या शटरवर त्याचं डोकं आपटलं. चांगलं टेंगूळ आलं. "शटरला पोचा आला का बघ गं," म्हणाला. आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

काही आठवड्यांनी त्याचं डोकं दुखायला लागलं. गिऱ्हाईक नसलं की खुर्चीत पेंगायचा. एकदा आमचे नेहमीचे मिशीवाले काका त्याच्याकडून दाढी करून उठले, तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्यावर फेस तसाच. काका भला माणूस. "उरलेली उद्या करणार का रे?" एवढंच म्हणाले. दादा नुसता बघत राहिला. काय चुकलंय तेच त्याला कळेना.

"वय झालं आता," वहिनी म्हणाली. "घरी बसू देत. त्यांच्या खुर्चीवर दुसरा कुणीतरी ठेवा."

दुसरा कुणीतरी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आधी बघू.

त्याच आठवड्यात मी त्याचे केस कापले. कीव आली म्हणून बट डाव्या कानाच्या वर सोडली, चांगली बोटभर लांब, शेंबड्या पोरालाही सापडेल अशी. दादानं उजव्या हातानं चाचपायला सुरुवात केली. उजवा कान, मान, टाळू. हात टाळूवर आला आणि थांबला. डावीकडे गेलाच नाही. जणू तिकडे त्याला डोकंच नव्हतं.

"नाहीये," तो म्हणाला. "तू सोडलीच नाहीस." डावा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा पडला होता.

कात्री तिथंच टाकली. तशीच वहिनीला जाऊन भिडले. "वय झालं तर दोन्हीकडचं होईल ना? एकाच बाजूचं वय होतं का कुणाचं?" वहिनीनं लगेच पायात चपला घातल्या आणि दादाला घेऊन आम्ही निघालो.

इस्पितळात पोचेपर्यंत दादाचा डावा पाय ओढायला लागला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा हळूहळू खाली आला. "डोक्याला कधी लागलं होतं का?" त्यांनी विचारलं. वहिनी नाही म्हणाली. मला शटर आठवलं.

स्कॅन झाला. बाईंनी पडद्यावर दाखवलं. कवटी आणि मेंदूच्या मध्ये, उजव्या बाजूला, थोडं थोडं करत रक्त साचलं होतं. उजवीकडचा मेंदू शरीराची डावी बाजू सांभाळतो, आणि तोच दाबला गेला होता. "कवटीला दोन छिद्रं पाडून रक्त काढावं लागेल. आजच."

"हात येईल ना हो त्याचा? कंगव्याचा हात आहे तो."

"आधी माणूस वाचवू. हात बहुतेक येईल, पण शब्द देत नाही."

सिस्टर केस काढायचं मशीन घेऊन आली. दादाला धड शुद्ध नव्हती, पण परका हात डोक्याला लागला की तो उजव्या हातानं ढकलून द्यायचा.

"इकडे द्या ते मशीन," मी म्हटलं.

"तुम्ही बाहेर थांबा हो."

"चाळीस वर्षं हे डोकं माझ्या ताब्यात आहे!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "करू द्या त्यांना. पण लवकर."

माझा हात लागला आणि दादा एकदम शांत झाला. सिस्टर म्हणाली, उजवी बाजू पुरे. म्हटलं, वा! केस कापणारा माणूस अर्धं डोकं भादरून फिरला तर आमच्या दुकानात पाऊल कोण ठेवेल? सगळं साफ केलं. फक्त डाव्या कानामागे एक बट ठेवली.

"इथं राहिलंय," सिस्टर म्हणाली.

"राहिलं नाही, ठेवलंय."

मग त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "दादा, सोडलीय बरं का. शोध." त्याच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही.

बाहेरच्या बाकावर वहिनी रडायला लागली. मी तिला दटावलं, आणि लगेच माझाच बांध फुटला. ती मग मलाच थोपटत बसली.

शेवटी बाई बाहेर आल्या. मास्क खाली, चेहरा हसरा. "छिद्र पाडल्याबरोबर काळपट, पातळ रक्त भसकन बाहेर आलं. मेंदूवरचा दाब उतरलाय. आता हाताचं बघू."

सकाळी आम्हाला आत सोडलं. दादाच्या डोक्याला उजवीकडे पट्ट्या होत्या, आणि उरलंसुरलं रक्त काढायला नळी लावलेली. डोळे उघडे होते.

"मला ओळखलंत का?" वहिनीनं विचारलं.

"न ओळखायला काय झालं?"

तेवढ्यात डावीकडची चादर हलली. आधी बोटं बाहेर आली, मग मनगट. डावा हात थरथरत छातीवर चढला, खांद्यापाशी अडकला, परत निघाला. गाल. कान. कानामागे. दोन बोटांनी बट चिमटीत धरली आणि दादानं माझ्याकडे बघितलं.

"सोपी होती," तो म्हणाला. "चहा तुझ्याकडे. आणि साखर नीट घाल."

"घालते रे बाबा, अख्खा डबा ओतते!" मी अशी ओरडले की सिस्टर धावत आली. मी तिच्याच गळ्यात पडले. जन्मभर हरत आले, पण हरून इतकी माजले मी त्या दिवशीच.