दोघींच्या मापाचा कोट

आमचे हे शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. गिऱ्हाइकाचं माप ते एकदाच घेतात आणि कुठे लिहून ठेवत नाहीत. टपालवाल्याची कंबर, दातांच्या डॉक्टरीणबाईंचे खांदे, सगळं तोंडपाठ. माझ्या कोटाची बाही मात्र दर वेळी मनगटाच्या वरच संपते.

पहिल्या कोटाला मी गप्प बसले. दुसऱ्याला म्हटलं, कापड आटलं असेल. यंदा तिसरा कोट हातात आला, तरी बाही तशीच. मग मनातलं ओठावर आलं.

"हे माझं माप नाही. तिचं आहे."

ती म्हणजे यांची पहिली बायको. मी या घरात यायच्या कितीतरी आधी गेलेली. जिवंत सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात, मेलेलीचं काय करणार? तिची भाजी कधी करपत नाही, तिचे केस कधी पिकत नाहीत.

"काहीतरीच तुझं," हे म्हणाले. "हात जरा आखडून धर, बसेल."

"कोटासाठी हात कापून घेऊ का? टेप लावा आणि माप घ्या."

"घरच्या बायकोला टेप? अगं, लोक काय म्हणतील? मास्तरला स्वतःच्या घरातलं माप येईना!"

ते बाहेरच्या खोलीत मशीनवर जाऊन बसले. मी पेटी उघडली. तळाशी तिचा तपकिरी कोट होता. माझा नवा कोट त्याच्यावर पसरला आणि टेप लावली. तिची बाही वीस इंच, माझ्या कोटाचीही वीस. पण खांदे पाहिले तर तिचे चांगले दोन बोटं रुंद, आणि नव्या कोटाचे अगदी माझ्यासारखे अरुंद. बाही तिची, खांदे माझे. अशी बाई तर कधी जन्मालाच आली नव्हती.

माझ्या दिराची मुलगी शिकायला आमच्याकडे असते. मानसशास्त्र शिकते. ती दारात उभी राहून सगळं बघत होती.

"काकू, काका तुला विसरले नाहीत गं," ती म्हणाली. "टपालवाला एकच आहे, म्हणून त्याचं माप जागेवर राहतं. 'बायको' म्हटलं की त्यांच्या डोक्यात दोघी उठतात. सारख्या आठवणी एकमेकींना ढकलतात. जुनी नवीला नीट बसू देत नाही, नवी जुनीला पुसत जाते. असंही माणूस विसरतं."

"म्हणजे आम्ही तिथे भांडतो?"

"रोज."

"आणि जिंकतं कोण?"

"कोणीच नाही. कोट बघ ना."

तिला हसू आलं, मला नाही. टपालवाल्याला अख्खी खोली, आणि मला भागीदारीत कोपरा! सवतीचा कोट पेटीत ठेवला, माझा अंगावर चढवला आणि तडक यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मी समोरच्या शिंप्याकडे चालले. तो टेप लावतो."

"त्याच्याकडे? तो तुझं माप घेणार?" हे ताडकन उठले. गळ्यातली टेप काढली. "हात सोड. सरळ उभी राहा."

खांद्यापासून मनगटापर्यंत टेप ताणली. "साडेएकवीस," ते म्हणाले. पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाले, "साडेएकवीस." मी अभिमानाने फुगले. शेवटी माझा आकडा माझ्या नावावर लागला होता.

मग त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

"काय झालं?"

"तिची... तिची बाही किती होती गं? आत्ता आत्तापर्यंत येत होती. गेली बघ."

खरं तर मी साखर वाटायला हवी होती. पण माझ्या मापाची टेप हातात धरून हा माणूस डोळे मिटून तिला शोधत उभा होता, आणि किती वेळ उभा राहील याचा नेम नव्हता. ते काही मला बघवेना.

"वीस," मी म्हणाले. "आत्ताच मोजली मी. सापडली ना? आता उघडा डोळे."

"वीस! हो, वीसच." कसे हसले! ते हसू काही माझ्यासाठी नव्हतं.

"आणि माझी?"

त्यांनी तोंड उघडलं. "साडे... साडे किती गं?"

मी हात पुन्हा लांब केला. "घ्या परत. आणि या खेपेला खडूने कापडावर लिहा. तिचं नाही, माझं."