तांब्याचा कूलर आणि अडकलेला अंतरपाट

हेमंतने नववीत शाळा सोडली ती गणिताच्या सरांशी भांडून. सर म्हणाले, "तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत." हेमंत म्हणाला, "मग वजन करून घ्या," आणि दप्तर उचलून निघाला. ही गोष्ट तो जव्हारभर स्वतःच सांगत फिरायचा, आणि दर खेपेला त्याचं उत्तर जरा जास्त चुरचुरीत व्हायचं. खरं तर त्या दिवशी तो नुसता रडला होता.

आता त्याचं सगळं जग म्हणजे घरातला कॉम्प्युटर. वडील सुदर्शन गुरुजी मोखाड्याला शाळेत शिकवायचे, त्यांनी तो शाळेच्या कामाला म्हणून घेतलेला. हेमंतने मासिकात वाचून त्याचा दोन पॉइंट चारचा प्रोसेसर तीनवर पळवला, म्हणजे कंपनीने सांगितलं होतं त्यापेक्षा बराच जोरात. मासिकात याला ओव्हरक्लॉक करणं म्हणायचे. पळायचा मस्त. मग तापायचा आणि फटकन बंद पडायचा. अगदी मालकासारखाच.

मे महिन्यात स्टुडिओवाल्या देवरामदादाने त्याला एक काम दिलं. दाभोशाच्या मुकेश आणि रविनाच्या लग्नाचं शूटिंग. "सोमवारपर्यंत झकास सीडी करून दे. जमलं तर दुकानात कामाला ये."

"आणि नाही जमलं तर," गुरुजी पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. बाहेरून दहावीला बसायचं."

व्हिडिओचं काम चालू असताना कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून नवी रॅम आणि कूलर आणायला हेमंतने दुसऱ्याच दिवशी नाशिकची एसटी पकडली.

दुकानदाराने रॅम काढली. "एक जीबी घे. व्हिडिओला बरी पडते."

"स्पीड काय हिचा?"

"दोनशे सहासष्ट."

हेमंत असा हसला की जणू कंपनी त्यानेच काढलीय. "काका, आपला प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला आहे. ही मागे धापा टाकत राहील. चारशेची दाखवा."

"चारशेची पाचशे बारा एमबीच आहे."

"द्या."

निवड बरोबर होती. आता खोटं कशाला बोला, तिला निळं पत्र्याचं जाकीट होतं म्हणूनही घेतली.

प्रोसेसरवर बसवून त्याला थंड ठेवणारे कूलर दोन होते. एक अॅल्युमिनियमचा, पंख्यात रंगीत दिवे. दुसरा तांब्याचा, जड, दिसायला ओबडधोबड. जीव दिव्यांत अडकला होता. पण लहानपणी घरच्या तांब्याच्या बंबाला हात लावून तो असा पोळला होता की तांबं उष्णता कशी ओढतं हे त्याला कुठल्या सरांनी शिकवायची गरज नव्हती. त्याने तांब्याचा उचलला.

परतीच्या एसटीत शेजारी मोखाड्याकडच्या सूर्यमाळची नवशीआजी बसली होती. मांडीवरचा कूलर तिने बोटाने टोचून पाहिला. "काय रं पोरा हे?"

"आजी, हा कॉम्प्युटर थंड करतो."

"पाणी कुठून घालायचं यात?"

"याला पाणी लागतच नाही."

"मग दोन-चार आमच्या सूर्यमाळला पाठव. आमच्याकडं पण पाणी नाही."

सगळी बस हसली. आजी मोखाड्याला उतरेपर्यंत हेमंत खिडकीबाहेर बघत राहिला.

घरात आई जयवंती वाटच बघत होती. तिचा एक नियम होता, नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, मिक्सरला प्लास्टिक, गुरुजींच्या स्कूटरच्या सीटलाही प्लास्टिक, त्यावरून गुरुजी घाटात दोनदा घसरलेले. हेमंत यावर रोज टिंगल करायचा. "मलाही प्लास्टिकमध्ये ठेव, आई."

"ठेवायलाच पाहिजे होतं, नवा होतास तेव्हा."

त्याने रॅम लावली. कूलरचा तळ आरशासारखा चमकत होता. त्यावर सोबतच्या ट्यूबमधली, उष्णता कूलरकडे नेणारी पांढरी पेस्ट फासली, कूलर दाबून बसवला आणि काम सुरू केलं. हळद झाली, वऱ्हाड आलं, अंतरपाट धरला, आणि मशीन फटकन बंद.

पुन्हा सुरू केलं. अंतरपाटाशी बंद. रविवार दुपारपर्यंत मुकेश हार घेऊन उभा, रविना हार घेऊन उभी, आणि मधला अंतरपाट काही खाली येईना. हेमंतने रॅम काढून फुंकली, व्होल्टेजला शिव्या दिल्या, जुन्या फॅनच्या मानाने नवा कूलर थंडगार कसा लागतोय म्हणून त्याचं कौतुकही केलं. शेवटी एसटीडी बूथवर जाऊन नाशिकला फोन लावला.

"काका, तुम्ही बंडल माल गळ्यात मारला!"

"तळाचं प्लास्टिक काढलंस ना, बाळा?"

"मी काय येडा आहे का?" हेमंतने फोन आपटला.

"ए, फोन फोडतोस काय?" बूथवाला ओरडला.

बसस्टँडपर्यंत हेमंत रागारागात चालला. तिथून पुढे चाल मंदावली. गल्लीच्या तोंडाशी तो पळतच सुटला.

कूलर उपटला. तळाला पातळ प्लास्टिक होतं, कडेला आक्रसलेलं, दुधावरच्या सायीसारखं. त्यामुळे उष्णता तांब्यापर्यंत पोचतच नव्हती. त्यावर लाल इंग्रजी अक्षरं होती. ती त्याने नाशिकलाच पाहिली होती, कंपनीचं नाव असेल म्हणून सोडून दिली होती. प्लास्टिक सोलून त्यावरचीच पेस्ट ब्लेडने खरवडून त्याने तांब्याला लावली, कारण ट्यूब केव्हाच संपली होती.

संध्याकाळी अंतरपाट खाली आला, हार पडले, आणि मुकेश-रविना एकदाचे नवरा-बायको झाले.

"चांगलं होतं की रे ते," आईने प्लास्टिक कचऱ्यातून उचललं. "काढलंस कशाला?"

गुरुजींनी ते उजेडात धरलं. "'बसवण्यापूर्वी काढा.' पाचवीचं इंग्रजी आहे."

"मला येतं वाचता!"

"येतं ना. वाचलं नाहीस, एवढंच," गुरुजी म्हणाले. "जा उद्या दुकानात. शब्द म्हणजे शब्द."

सोमवारी देवरामदादाने सीडी पाहिली, पाठ थोपटली आणि दुकान त्याच्या ताब्यात देऊन जेवायला गेला. परत आला तेव्हा नव्या प्रिंटरचं, नव्या मॉनिटरचं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीचंसुद्धा प्लास्टिक सोलून कोपऱ्यात ढीग लावलेला होता.

"अरे मेल्या," देवरामदादाने कपाळाला हात लावला, "नवं होतं ना सगळं!"