एक जूनची माणसं

मराठवाड्यात साठीला टेकलेल्या माणसाला जन्मतारीख विचारा, निम्म्या वेळा एक जून हेच उत्तर मिळेल. आई सांगायची, ज्या साली विहिरीला पाणी लागलं त्या साली पोरगं झालं. गुरुजींना त्या विहिरीशी काय करायचं होतं? शाळा जूनमध्ये उघडायची, त्यांनी एक जून लिहून टाकली. ती पोरं पुढे सरकारी नोकरीत लागली, आणि सरकारचा नियम असा की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर वर्षी मे संपता संपता संभाजीनगरातल्या झाडून सगळ्या सरकारी कार्यालयांत एकाच दिवशी निरोप समारंभ असतात. हार महाग होतात, शाली संपतात आणि केटरर फोन उचलत नाहीत.

यंदा एकतीस मे शनिवारी आला. शनिवारी कार्यालयं बंद, त्यामुळे सगळे निरोप शुक्रवारीच उरकायचे ठरले. विशाखा वाहूळच्या अर्जाची मुदतही त्याच शुक्रवारी संपत होती.

विशाखा एका खात्याच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ लिपिक होती. काम चोख, अक्षर सुंदर, आणि आवाज असा की ऑफिसात ध्वजवंदन असो की महिला दिन, माईक तिच्याच हातात. दोन वर्षांपूर्वी निकम साहेब बदलून आले. आल्या आल्या त्यांनी टेबलांची फेररचना केली आणि तीन जणांना मागच्या रेकॉर्डरूममध्ये बसवलं. 'तिथं शांत असतं, काम जास्त होतं,' असं ते म्हणाले. तिघंही बौद्ध होते. चौथा कुणी त्या शांततेच्या लायक निघाला नाही. पुढे दोघांनी खटपट करून बदली करून घेतली आणि विशाखा त्या खोलीत एकटी उरली. मुलं शहरात शिकत होती, तिला हलता येत नव्हतं. दुपारचा डबा आधी सगळ्या बायका एकत्र खायच्या. टेबल हलल्यावर तिला कुणी हाक मारायला आलं नाही. दोन-तीनदा ती आपणहून गेली, तेव्हा डबे भराभर संपले. मग तिनं जाणं सोडलं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी तिच्या वार्षिक अहवालाची प्रत तिच्या हातात पडली. दरवर्षीचा 'अ' जाऊन 'ब' आला होता. खाली निकम साहेबांचा शेरा होता: 'सहकाऱ्यांत मिसळत नाहीत.'

या 'ब'मुळे तिची पदोन्नती हुकणार होती, आणि एकदा हुकली की मागून आलेली माणसं कायमची पुढे जाणार होती. आपल्याला जातीवरून वेगळं बसवलं आणि वेगळं बसते म्हणून गुण कापले, अशी तक्रार तिला करता येत होती. साहेबाविरुद्धची तक्रार साहेबाच्याच हातून वर जायला नको, म्हणून ती थेट विभागीय कार्यालयात द्यायची सोयही होती. अट एकच, प्रत मिळाल्यापासून महिन्याच्या आत अर्ज तिथल्या आवक खिडकीवर द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. ती शिक्क्याची प्रत म्हणजे पोच. पोच नाही तर तक्रारच नाही.

अर्ज तिनं दुसऱ्याच दिवशी लिहिला. तिचा नवरा इंद्रजीत शाळेत शिक्षक. त्यानं तो टाइप करून, दोन प्रती काढून, पाकिटात घालून दिला. मग रोज संध्याकाळी विचारायचा, "दिला का?"

"उद्या देते."

पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "आता त्याचं नाव रेशनकार्डात घालून टाकू. घरातलाच झाला."

ती हसली नाही. तिला अडवणारं कुणी गुंड वगैरे नव्हतं, अडवत होता शिष्टाचार. तिची वरिष्ठ रूपालीताई पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "अगं, महिनाभरात चालला तो माणूस. जाताजाता त्याची पेन्शन अडकली तर? बायको-पोरं काय म्हणतील? नवीन साहेब येऊ दे, मी सांगते त्यांना, करतील दुरुस्त." नवीन साहेबाला जुन्याचा शेरा खोडता येत नाही, हे रूपालीताईला ठाऊक होतं आणि विशाखालाही. पण निवृत्त होणाऱ्या माणसाविरुद्ध अर्ज करणं आपल्याकडे पंगतीतून कुणाला उठवण्याइतकं वाईट दिसतं. चांगलं दिसण्याची फार सवय झालेल्या बायकांपैकी विशाखा एक होती. मे महिना असाच निघून गेला.

निरोपाचं सूत्रसंचालनही तिच्याकडेच आलं. ते येणारच होतं.

शुक्रवारी सकाळी ती पाकीट पर्समध्ये घालून घरून निघाली. आधी अर्ज देऊ, मग ऑफिसला जाऊ, असं ठरलं होतं. वाटेत रूपालीताईचा फोन आला की हारवाला आला नाही, जरा बघ. हार झाले, मग खुर्च्या, मग माईकची खरखर. दुपारी खरं तर अर्धा तास मोकळा होता. त्या अर्ध्या तासात तिला कुणीही अडवलं नाही. ती स्वतःच गेली नाही, साडीच्या निऱ्या नीट करत बसली.

कार्यक्रम चारला सुरू झाला. व्यासपीठावर निकम साहेब आणि शेजारी पिशोरहून आलेल्या त्यांच्या पत्नी केसरबाई, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा आनंद. साहेब वाईट होते का? पिशोरमध्ये विचाराल तर लोक तुमच्याकडेच विचित्र नजरेनं बघतील. गावात त्यांनी कितीजणांची कामं केली, कितीजणांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. ऑफिसातही ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. टेबल हलवायला आवाज लागत नाही.

भाषणं सुरू झाली. रूपालीताई उभी राहिली आणि डोळे पुसत म्हणाली, "साहेबांच्या काळात हे ऑफिस नव्हतंच, कुटुंब होतं. आम्ही सगळे रोज एकत्र बसून डबा खायचो."

टाळ्या पडल्या. आता सूत्रसंचालकानं 'खरोखर, किती सुंदर भावना' असं काहीतरी म्हणायचं असतं. विशाखाच्या तोंडात ते वाक्य तयारही होतं. ते बाहेर येईना. तिला राग आला. साहेबांचा नाही, रूपालीताईचाही नाही, तयार असलेल्या त्या वाक्याचा. महिनाभर आपण हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत म्हणत होतो, हे तिला तिथं माईकसमोर उभं असताना कळलं.

"यानंतर," ती म्हणाली, "आपले माऊली काका मनोगत व्यक्त करतील."

सभागृहात चुळबूळ झाली. माऊली काका म्हणजे भांडार विभागाचे कारकून, सोयगावचे, हौशी कीर्तनकार. त्यांना माईक देण्याची चूक ऑफिसनं एकदाच केली होती आणि त्या दिवशी चहा गार झाला होता. काका उजळलेल्या चेहऱ्यानं पुढे आले, त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "मनुष्यजन्म म्हणजे काय?"

विशाखानं पर्स उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. विभागीय कार्यालय दोन चौक पलीकडे. स्कूटी उन्हात तापून लाल झाली होती. ती तशीच बसली.

आवकची खिडकी उघडी होती, पण खुर्ची रिकामी. पंखा फिरत होता. सगळी इमारतच रिकामी वाटत होती. वरून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं की एक जूनची माणसं इथंही असणार.

ती जिना चढून हॉलच्या दारात गेली आणि तिथल्या माणसाला तिनं विचारलं, "आवकला कोण बसतं?"

"सांडू दादा. ते काय, समोर. फेटेवाले."

आवक विभागाचे सांडू दादा व्यासपीठावर होते. डोक्याला फेटा, गळ्यात हार, मांडीवर नारळ. लोक ओळीनं येऊन फुलं देत होते, फोटो काढत होते. विशाखा ओळीत उभी राहिली. नंबर आल्यावर तिनं पाकीट पुढे केलं. फोटोवाला ओरडला, "मॅडम, इकडं बघा!" तिनं बघितलं. सांडू दादांनी सराईत हातानं पाकीट घेतलं आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या पिशवीत टाकलं.

"दादा, तो आहेर नाही," ती खाली वाकून म्हणाली. "अर्ज आहे. शिक्का पाहिजे. आज शेवटचा दिवस आहे."

"व्हय, माझाबी," सांडू दादा म्हणाले. मग त्यांना समजलं. "सोमवारी द्या की बाई. नवा माणूस येणार हाय."

"सोमवारी मुदत गेलेली असेल."

मागची ओळ खोळंबली होती. दादांनी पिशवीतून पाकीट काढलं, अर्ज उघडला, विषय वाचला. "निकम साहेब? पिशोरचे? त्यांचाबी आजच निरोप असंल."

"हो. सूत्रसंचालन मीच करतेय."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बरोबर केलं की चूक, असं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी नारळ बायकोच्या हातात दिला. "धर जरा. आलोच."

फेटा आणि हारासकट ते जिना उतरले. खिशातून किल्ली काढून त्यांनी खण उघडला, शिक्क्याची तारीख पाहिली, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि दोन्ही प्रतींवर ठोकला. सही केली. हारातल्या शेवंतीच्या दोन पाकळ्या अर्जावर पडल्या, त्या फुंकरीनं उडवल्या.

"किल्ली पाचला द्यायची हाय," ते म्हणाले. "तवर हितला माणूस मीच." आणि पोच तिच्या हातात दिली. "जावा. तुमचा माईक वाट बघत असंल."

ती परतली तेव्हा माऊली काका मनुष्यजन्मावरून साहेबांच्या गाडीच्या पंक्चरपर्यंत आले होते. लोकांचे चेहरे सुकले होते. रूपालीताईनं तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. विशाखानं काकांचे आभार मानून माईक घेतला आणि उत्सवमूर्तींना बोलायची विनंती केली.

निकम साहेब थोडकंच बोलले. शेवटी म्हणाले, "नोकरीत कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. कुणी मनात काही ठेवू नका." सगळे निवृत्त होणारे हेच म्हणतात, पण त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते.

जेवणाला पुरी-भाजी आणि जिलेबी होती. विशाखा ताट घेऊन सवयीनं भिंतीकडे वळली, तेवढ्यात केसरबाईंनी हाक मारली, "अगं ए पोरी, तिकडं कुठं? ये हितं माझ्याजवळ बस. लई गोड बोलती तू." तिला हाताला धरून त्यांनी शेजारी बसवलं, ताटाकडे पाहिलं, आणि "एवढंच घेतलं व्हय?" म्हणत आपल्या ताटातली पुरी उचलून तिच्या ताटात ठेवली.

या ऑफिसात दोन वर्षांत कुणी आपल्या ताटातलं तिच्या ताटात ठेवलं नव्हतं. विशाखाला फार वाईट वाटलं. अर्ज दिल्याचं नाही. या बाईचा त्यात काही दोष नव्हता आणि झळ तिलाही लागणार होती, त्याचं. तिनं पुरीचा तुकडा तोडला आणि खाल्ला.

निकम साहेब जवळ आले. बायकोनं कुणाला शेजारी बसवलंय ते पाहून क्षणभर थबकले, मग हसले. "वाहूळबाई, छान झालं सूत्रसंचालन. तुम्हीपण मनात काही ठेवू नका बरं."

"नाही ठेवलं, साहेब," विशाखा म्हणाली. "महिनाभर ठेवलं होतं. मघाशी विभागीय कार्यालयात जाऊन देऊन आले. पोच मिळाली."

साहेबांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. शेजारच्या टेबलावरून रूपालीताईनं मान वळवली.

केसरबाई एकदा नवऱ्याकडे, एकदा विशाखाकडे बघत राहिल्या. "कशाची पोच गं?"

विशाखानं साहेबांकडे पाहिलं. ते बोलतील म्हणून थोडं थांबली. त्यांनी जिलेबी तोंडात घातली.

"साहेब सांगतील वाटेत, काकू," ती म्हणाली. "पिशोर काही जवळ नाही."